आडव्या झाडाची ओळख

उभें झाड ओळखण्यास फारशी विद्या लागत नाहीं. पानें असतात, फुलें येतात, शेंगा लोंबतात. आणि यांतलें कांहींच हातीं लागलें नाहीं, तर दुरून दिसणारा घेर सांगतो कीं हा वड, ही चिंच, तो निंब. परंतु तेंच झाड कुऱ्हाडीखालीं आलें, पानें वाळून गळलीं आणि ओंडके रस्त्याच्या कडेस रचले गेले, म्हणजे त्याच्या सांवलींत वर्षानुवर्षें बसलेल्या माणसासहि त्याचें नांव खात्रीनें सांगतां येत नाहीं.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न अलीकडे पुष्कळांपुढें उभा राहिला. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं बसली. पाटसपासून बारामती व इंदापूर यांवरून तोंडले-बोंडल्यापर्यंत जाणारा हा रस्ता सुमारें १३० किलोमीटरांचा आहे. रस्ता रुंद व्हावयाचा तर कडेचीं झाडें जावयाचीं, हें ओघानेंच आलें. आषाढाच्या वारींत ज्या बुंध्यांशीं टाळ-मृदंग टेकून वारकरी घटकाभर विसावत, ते बुंधे आडवे झाले. मग ते कोणाचे होते, किती वर्षांचे होते आणि त्यांच्या बदल्यांत काय लावावयाचें, हे प्रश्न मागें उरले. त्यांचीं उत्तरें द्यावयाचीं, तर ओंडक्याचें नांव आधीं कळलें पाहिजे.

ही नुसती हौसेची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रांत वृक्षतोडीसंबंधीं १९६४ सालीं झालेल्या कायद्याच्या अनुसूचींत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ इत्यादि झाडांचीं नांवें आहेत. तीं स्वतःच्या शेतांत असलीं तरी तोडण्यास परवानगी लागते. परवानगी एका झाडाची आणि गाडींत लांकूड दुसऱ्याचें, असा प्रकार घडला तर पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाला साल पाहून दोन शब्द बोलतां आले पाहिजेत. नागरी भागांसाठीं १९७५ सालीं झालेल्या कायद्यांत २०२१ सालीं दुरुस्ती झाली. पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारशाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं रोपें लावण्याची अट आली. आतां वय घेरावरून अजमावावयाचें, तर जात ठाऊक हवी. चार फूट घेराचा विलायती शिरीष अजून पोरसवदा असेल, आणि तेवढ्याच घेराची चिंच चांगली पोक्त असेल. नांव चुकलें कीं वय चुकतें, आणि वय चुकलें कीं रोपांची संख्याहि चुकते.

घरगुती कारणेंहि आहेत. वादळांत आवारांतलें झाड पडतें, माळी त्याचे तुकडे करून नेतो आणि जळणाच्या भावानें पैसे देतो. तें जळण होतें कीं चौकटीचें लांकूड होतें, याचा पत्ता घरमालकास नसतो. शेराच्या फांद्या तोडतांना उडालेला चीक डोळ्यांत गेला तर कांहीं काळ दिसेनासें होतें, इतका तो दाहक असतो. कण्हेरीच्या काड्या चुलींत घालणें किंवा त्यांवर कणीस भाजणें जिवावर बेतूं शकतें, कारण त्या झाडाचा एकहि भाग विषापासून मोकळा नाहीं. पानें गेलेल्या कण्हेरीची खूण अशी कीं, तिच्या गुळगुळीत काडीवर पानांचे वण बहुधा तीन-तीनच्या वेढ्यानें असतात.

आतां साल म्हणजे काय, हें थोडें पाहावें. साल एका थराची नसते. लांकडास लगटून असलेली आंतली साल जिवंत, ओली व बहुधा तंतुमय असते. पानांत तयार झालेलें अन्न तिच्यांतून खालीं उतरतें. तिच्याबाहेर बुचासारखी मेलेली साल असते. खोड आंतून जाड होत जातें, पण मेलेल्या सालीस ताणतां येत नाहीं. म्हणून ती फाटते. ती कशी फाटावी हें मात्र प्रत्येक जातीचें ठरलेलें असतें. बुचाचे नवे थर तुकड्यातुकड्यांनीं, एकमेकांवर चढलेल्या कमानींसारखे तयार होत असतील, तर सालीचे खवले पडतात. तेच थर खोडाभोंवतीं सलग तयार होत असतील, तर पापुद्रे किंवा लांब पट्टे सुटतात. आंतील तंतु चिवट व उभे असतील, तर उभ्या खोल भेगा पडून मध्यें वरंबे राहतात. कांहीं झाडांत हा थर वर्षानुवर्षें पृष्ठभागींच काम करीत राहतो, आणि अशा झाडाची साल म्हातारपणींहि गुळगुळीत राहते. वडाचें करडें अंग हें त्याचें जवळचें उदाहरण आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. एकाच झाडाच्या बुंध्याची, मधल्या फांदीची आणि शेंड्याची साल तीन निराळ्या झाडांची वाटण्याइतकी भिन्न असते. पुष्कळ चुका येथेंच होतात. बुंध्याच्या ओंडक्यावर निर्णय देण्यापूर्वीं त्याच ढिगांतली बोटाएवढी डहाळी शोधावी. साल वयाप्रमाणें बदलते. डहाळीवरची मांडणी बदलत नाहीं. पानें समोरासमोर होतीं कीं एकाआड एक होतीं, हें पान गळल्यानंतरहि त्याचा वण सांगत राहतो. समोरासमोर वण असलेलीं झाडें या भागांत थोडीं आहेत, म्हणून ही खूण फार उपयोगी पडते. साग, जांभूळ, चंदन हीं त्यांतलीं प्रमुख. सागाची कोवळी डहाळी तर चौकोनी असते. डोळे मिटून बोटांत फिरविली तरी ओळखूं येते. चंदनाच्या बाबतींत मात्र नाकावर विसंबूं नये. वास येतो तो गाभ्याच्या पिंवळसर तपकिरी लांकडास. सालीजवळचें पांढरें लांकूड निर्गंध असतें, आणि कोवळ्या झाडांत गाभा भरलेलाच नसतो. बांधावरचें चंदनाचें पोर तोडून नेलें आणि मागें उरलेल्या फांद्यांना वास नाहीं म्हणून तें चंदन नव्हतें असें ठरविलें, तर चोराचें चांगलेंच फावेल.

या दोन तालुक्यांचें खरें धन मात्र कांटेरी झाडें. पाऊस वर्षाकांठीं जेमतेम वीस इंचांच्या आसपास. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यानें ऊंस उभा राहिला तो भाग सोडला, तर उरलेली जमीन माळाची. सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीचें गवताळ रान पाहिलें, म्हणजे मूळ भूमि कशी होती याची कल्पना येते. अशा रानांतला ओंडका समोर आला कीं पहिला प्रश्न, कांटा कोठून निघाला, हा असावा. पानाच्या वणाच्या दोन्ही अंगांना जोडीनें कांटे असतील, तर ते उपपर्णांचे झालेले असतात. अंगठ्यानें जोर देतांच कांटा सालीबरोबर सुटून आला, तर तो नुसता सालीचा कांटा. आणि डहाळीचेंच टोंक टणक होऊन कांटा बनलें असेल, जसें डाळिंबांत बनतें, तर तो फांदीचा कांटा. एवढा भेद कळला कीं संशयित झाडांची यादी निम्म्याहून कमी होते.

बाभूळ घ्यावी. जून बाभळीची साल काळपट, कठीण, उभ्या खोल भेगांची असते. कोयत्यानें ढलपी उडविली कीं आंत तांबूस रंग दिसतो, आणि जखमेशीं वाळलेला डिंक बहुधा सांपडतोच. या सालींत कातडें कमावण्याचें द्रव्य भरपूर असल्यामुळें ढोरांच्या कुंडांत तिला पूर्वींपासून मान होता. डहाळीवर पेरापेराशीं पांढरट, सरळ, बारीक कांट्यांची जोडी असते. कधीं दोन इंच लांब, कधीं अगदींच खुरटी. जुन्या झाडाच्या वरच्या फांद्यांवर तर कांटे जवळजवळ नाहींसे होतात. म्हणून कांटा नाहीं तर बाभूळ नाहीं, असा निकाल घाईनें देऊं नये.

तिच्याशीं घोंटाळा होतो तो वेड्या बाभळीचा. हें नांवच मुळीं फसवें आहे. जुन्या बोलण्यांत 'गोडी', 'वेडी' आणि 'रामकांठी' हीं देशी बाभळीच्याच प्रकारांचीं नांवें होतीं. त्यांतली रामकांठी सरूसारखी उभी वाढणारी. अमेरिकेकडून आलेलें कांटेरी झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत आणिलें गेलें, पुढें तें माळोमाळ पसरलें, आणि वेडेपणाचें विशेषण लोकांनीं त्याच्या गळ्यांत घातलें. त्यामुळें जुन्या कागदांतली वेडी बाभूळ आणि आजच्या कोळसेवाल्याची वेडी बाभूळ एकच, असें धरून चालणारा फसतो. उजनीच्या फुगवट्याच्या कडेनें, पडीक गायरानांत, ओढ्यांच्या पात्रांत आज जी दाट जाळी दिसते ती या परकीय झाडाची. त्याची डहाळी पेरापेरास वळण घेत नागमोडी जाते. वळणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक टणक गांठ असते, आणि त्याच गांठीशीं कांटे असतात, कधीं जोडीनें, कधीं एकटे. बाभळीची डहाळी त्या मानानें सडसडीत. या झाडाची साल करडी-तपकिरी, भेगा उथळ; बाभळीचा काळेपणा तिला येत नाहीं. मुळाशींच अनेक फाटे फुटण्याची त्याला खोड असल्यानें ढिगांत सरळ, जाड ओंडका क्वचितच मिळतो. एवढें करूनहि संशय उरला तर ढिगाखालचा पाचोळा चाळावा. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, मण्यामण्यांत आवळलेली; वेड्या बाभळीची सलग, पिंवळट व गोडसर.

हा फरक कळण्यांत शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला आहे. बैलगाडी आणि औत यांच्या कामीं देशी बाभळीच्या लांकडास पिढ्यान्‌पिढ्या मान होता. बांधावरची जुनी बाभूळ म्हणजे अडीअडचणीची ठेव. वेड्या बाभळीचा कोळसा उत्तम होतो हें खरें, परंतु दोहोंची किंमत एक नव्हे.

तिसरी बहीण हिंवर. तिला ओळखण्यास साल पुरते. काळ्या बाभळींच्या रांगेंत फिकट, पिंवळसर-पांढरट अंगाचें आणि पापुद्रे सुटणारें झाड दिसलें, कीं तें हिंवर समजावें. तिच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच 'पांढऱ्या सालीची' असा आहे. हिच्या सालीचा उपयोग गांवठी दारू गाळतांना करीत, ही तिची कांहींशी बदनाम कीर्ति. खैराचें उलट: साल गडद करडी, अरुंद लांब पट्ट्यांनीं सुटणारी, आणि पेराखालीं वांकड्या आंकड्यांची जोडी. खैराचा गाभा गर्द तांबडा असतो. कात त्याचाच होतो.

बोरीची खूण सर्वांत गमतीची. तिच्या पेराशीं दोन कांटे असतात, पण ते जुळे नव्हेत: एक सरळ भाल्यासारखा, दुसरा मागें वळलेला गळासारखा. पुढें शिरणाऱ्यास एक टोंचतो, आणि मागें फिरणाऱ्यास दुसरा धरून ठेवतो. हिंगणबेटाचा कांटा एकटा, जाड, हिरवा, डहाळीहि हिरवी. त्या कांट्यावर कधीं कधीं पान फुटतें, तेव्हां तो फांदीचाच आहे याची साक्ष पटते.

कांटे संपले कीं चिकाकडे वळावें. वड, पिंपळ, उंबर, पिंपरी हीं सारीं एका कुळांतलीं. ताज्या तोडलेल्या फांदीस नखानें ओरखडा काढला कीं पांढरा चीक येतो. पण चीक वाळल्यानंतरहि टिकणारी एक खूण आहे. या कुळांत कोवळ्या कळीवर एक टोंकदार आवरण असतें. तें गळून पडलें कीं डहाळीभोंवतीं अंगठीसारखा सबंध वण राहतो. प्रत्येक पेरावर अशी अंगठी दिसली, तर हें कुळ निश्चित. मग जात ठरविणें सोपें. वडाचें खोड पारंब्यांनीं भरलेलें, साल करडी व बरीचशी सपाट. उंबराच्या खोडावर आणि जाड फांद्यांवर फळांच्या घोसांचे गांठाळ अवशेष सांपडतात, कारण त्याचीं फळें खोडालाच लागतात. पिंपळाच्या जुन्या सालीचे अनियमित तुकडे सुटतात आणि पारंब्या बहुधा नसतात.

रस्त्याच्या कडेचीं उरलेलीं झाडें थोडक्यांत पाहतां येतील. चिंचेची साल काळसर, जाड, आणि बारीक चौकोनी-आयताकृति तुकड्यांनीं तडकलेली असते; सुकलेल्या तळ्याच्या चिखलाची आठवण व्हावी. तिचा गाभा लहान, पण गर्द जांभळट आणि दगडासारखा. निंबाची साल करडी, उभ्या-तिरप्या भेगांची, आंतून तांबूस. जिभेच्या टोंकास लावली कीं वाद मिटतो. बकाणनिंबाच्या डहाळीवर मात्र फिकट ठिपके दाट असतात आणि पानाचे वण मोठे असतात. हे ठिपके म्हणजे डहाळीचीं श्वास घेण्याचीं छिद्रें. गिरिपुष्पाच्या कोवळ्या काडीवर तर ते पांढऱ्या तिळांप्रमाणें विखुरलेले दिसतात. आंब्याची ताजी साल खरवडली कीं टर्पेंटाइनसारखा वास येतो, आणि डहाळीच्या टोंकाशीं वणांची दाटी असते. निलगिरी लांब सालपटें टाकून आंतून नितळ होते. नदीकांठचा अर्जुनहि असाच सोलला जातो, परंतु निलगिरीचा वास कोणाचाहि संशय फेडतो. सुबाभूळ नांवापुरतीच बाभूळ. तिला कांटा मुळींच नाहीं. शिरीष आणि विलायती शिरीष या दोहोंत नुसत्या सालीवरून निवाडा देण्याचें धाडस करूं नये; शेंग शोधावी. शिरीषाची कागदासारखी पातळ व फिकट, विलायतीची जाड, काळसर आणि आंत गोड चिकट गर असलेली.

सालीची साक्ष फितूरहि होते. धूळ, धूर, शेवाळ आणि वाळवीची माती यांनीं रंग पार बदलतो. म्हणून एक हातभर जागा ओल्या फडक्यानें पुसून मगच पाहावें. ऊंसाचें पाचट पेटवितांना बांधावरचीं झाडें होरपळतात. त्यांची काळी साल पाहून हटकून बाभूळ म्हणणारे भेटतात. आंतल्या सालीचा रंग तर तोडल्यापासून कांहीं तासांतच पालटूं लागतो. यासाठीं ताजी ढलपी काढणें हा नियम, आणि ती काढतांना डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजा असावा हा दुसरा.

साल संपूर्ण उतरविलेला ओंडका आला, तर काम लांकडावर जातें. धारदार चाकूनें आडव्या कापाचा एक कोपरा तासून गुळगुळीत करावा, पाणी लावावें आणि दहापट मोठें दाखविणारें भिंग धरावें. रसवाहिन्यांचीं छिद्रें आणि मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा दिसतात. सागांत मोठीं छिद्रें वर्षाच्या वर्तुळाप्रमाणें ओळीनें लागतात. बाभूळ, निंब, आंबा यांत तीं सर्वत्र विखुरलेलीं असतात. त्यामुळें थंड देशांतल्या झाडांप्रमाणें येथल्या प्रत्येक झाडाचीं कडीं मोजून वय काढतां येतें, हा समज सोडून दिलेला बरा. ही विद्या किती दूर जाऊं शकते याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. विमानवीर लिंडबर्ग याचें मूल १९३२ सालीं पळविलें गेलें, तेव्हां घटनास्थळीं एक घरगुती शिडी सांपडली. आर्थर कोलर नांवाच्या लांकूडतज्ज्ञानें तिच्यांतल्या लांकडांच्या जाती ओळखल्या, आणि १९३५ च्या खटल्यांत शिडीची एक पट्टी आरोपीच्या माळ्यावरील फळीशीं जुळते अशी साक्ष दिली. आपल्याकडे डेहराडून येथील वनसंशोधनसंस्था १९०६ पासून असून तिच्याजवळ लांकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. गॅम्बल यांचा हिंदी लांकडांवरील ग्रंथ १८८१ सालीं निघाला. टॅल्बट यांचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील खंड १९०९ ते १९११ या काळांतले. पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य असलेले कुक यांनींहि इलाख्याच्या वनस्पतींची मोठी नोंद करून ठेविली.

तरीहि घरीं बसून ग्रंथ चाळण्यापेक्षां नमुने गोळा करणारा लवकर तयार होतो. झाड उभें आणि ओळखीचें असतांनाच त्याचें साहित्य जमवावें: बुंध्याजवळ आपोआप सुटलेला सालीचा तुकडा, करंगळीएवढी वीतभर डहाळी, एक वाळलेली शेंग. चिठ्ठीवर गांव, महिना आणि बुंध्याचा घेर लिहावा. स्थानिक नांव ज्यानें सांगितलें त्याच्या उच्चाराप्रमाणेंच लिहावें, कारण बारामतीच्या बाजारांत जें नांव चालतें तें नीरा-नरसिंगपुराच्या संगमाशीं कधीं कधीं निराळ्याच झाडाला लागतें. डहाळी वाळली कीं रंग बदलतो, म्हणून तोडल्या दिवशींचा रंग चिठ्ठीवर नोंदवावा. कीड लागूं नये यासाठीं नमुने चांगले उन्हांत वाळवून डब्यांत निंबाच्या पाल्यासह ठेवावेत आणि दर पावसाळ्यानंतर एकदां उघडून पाहावेत.